बिजलीला उभं राहायला शिकवताना

नांदूरघाट,
२१ मे

राधाकिशन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पाकीट न फोडता बाजूला ठेवणं तुला जमत नाही, हे तू आठ वर्षांचा होतास तेव्हापासून मला ठाऊक आहे.

तुझ्या पवनच्या वरातीत मी जे केलं त्याबद्दल माफी मागायला हे लिहीत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत उगाच वाट पाहत बसणार नाहीस.

गेवराईत काय बोललं जातंय ते माझ्या कानावर येतं. अक्काने भर चौकात नवरदेवाला घोडीवरून खाली उतरवलं. उतरवलं. दुपारी साडेतीनला डांबर पायाला चिकटत होतं. घोडी दोन्ही गुडघ्यांवर पडली, उठली आणि रक्ताळलेल्या पायांनी पुन्हा नाचायला लागली, कारण हलगी थांबली नव्हती. तुझे व्याही टाळ्या वाजवत होते. मी जीपमधून उतरले, लगाम धरला आणि पवनला म्हणाले, उतर. तो उतरला. पोरगा समजूतदार आहे. ते आपल्या घराण्यातून आलेलं नसणार, त्याच्या आईकडून आलं असेल.

त्यानंतर मी तुला जे बोलले ते निराळं. त्यावर आज लिहायचं नाही.

तर बातमी अशी की ती घोडी आता माझ्याकडे आहे. तिसऱ्या दिवशी मी घोडीवाल्या अजिनाथच्या दारात जाऊन उभी राहिले. गुडघे चिघळलेले, त्यामुळे तिला पुढच्या लग्नांना नेता येत नव्हतंच. त्याने फार ताणलं नाही. फक्त टेम्पोत चढवताना म्हणाला, "मॅडम, नाचली न्हाई तर ती घोडी कसली? तुमी हिला घेऊन करणार काय?"

तुलाही हाच प्रश्न पडला असेल, म्हणून उत्तर लिहून ठेवते. तिने उभं राहावं, एवढं मला हवं आहे. हलगी वाजो, बँड वाजो, तिने चार पायांवर उभं राहून कडबा खावा. बाकी माझी काही अपेक्षा नाही.

तिचं नाव बिजली. मी ते बदललं नाही. नाव बदलल्याने प्राणी सुखी झाला असता तर आपल्याकडच्या निम्म्या सुना सुखी झाल्या असत्या. वरातीत पांढरी दिसत होती, धुतल्यावर कळलं की राखाडी आहे आणि शेपटीचा रंग मेंदीचा आहे. तोंड उघडून पाहिलं. लगामाच्या कडीला आतून दाते आहेत आणि जिभेच्या दोन्ही कडांना घट्टे. पुढच्या नडग्यांवर केस नाहीत. नाच शिकवताना पाय बांधून, हलगीच्या ठोक्याला काठी, ठोक्याला काठी, असं करतात म्हणे. हे मला अजिनाथनेच सांगितलं, अगदी सहज, भाकरी कशी थापतात ते सांगावं तसं.

बीडच्या कोर्टात चौतीस वर्षं मी लोकांच्या साक्षी टाइप केल्या. मारणारा माणूस रागाने मारतो हे खोटं आहे. बहुतेक जण सवयीने मारतात.

मनकर्णा


नांदूरघाट,
९ जून

राधाकिशन,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मी काही प्रश्न विचारला नव्हता.

गुडघे सुकत आले आहेत. पत्र्याची शेड उत्तरेकडून बंद केली, खाली वाळू टाकून घेतली. सकाळी खरारा, मग भिजवलेले हरभरे, मग शेताच्या कडेने फेरी. दोरीला ओढ देत नाही. माणसाच्या हाताला घाबरते, पण बांगड्यांचा आवाज असलेल्या हाताला कमी घाबरते, हे मला चार दिवसांनी कळलं. तिला मारणारे सगळे पुरुष असणार. म्हणून आईच्या काचेच्या बांगड्या काढून घातल्या. छासष्टाव्या वर्षी. हसायचं तर हस.

माझी पद्धत साधी आहे. आवाजामुळे ती नाचते, तर आवाजच येऊ द्यायचा नाही. आमच्या बोर्डिंगात सिस्टर म्हणायच्या की निम्मे अवगुण गोंगाटातून येतात. मी शेजारच्या पंडितला जाऊन सांगितलं की गल्लीत हलगी वाजवायची नाही. तो बिचारा लग्नसराईत हलगी वाजवतो आणि दिवाळीनंतर बायकोबरोबर ऊसतोडीला जातो. मान हलवून त्याने हलगी खुंटीला अडकवली. त्याची बायको साखराबाई मात्र बोलली, की बाई, हलगी न्हाई वाजवायची तर काय आरती म्हणायची का घरात? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पलीकडच्या गल्लीतल्या साखरपुड्याचा डीजेही मी बंद करायला लावला. त्या घरचे आता मला नमस्कार करत नाहीत. तुझ्यामुळे मला त्याची सवय आहेच.

दहा दिवस शांततेत गेले. मग परवा संध्याकाळी, इतके दिवस बंद असलेली पिठाची गिरणी पुन्हा सुरू झाली. तिच्या पट्ट्याला जोड आहे, तो दर फेरीला टक् करतो. टक्, टक्, टक्. आणि बिजली शेडमध्ये एकटीच नाचायला लागली. मान वर, डोळे पांढरे, पुढचे पाय छातीपर्यंत. समोर नवरदेव नाही, वऱ्हाड नाही, भिंत आहे. गिरणीवाल्याचं दळण संपेपर्यंत नाचली. उजव्या गुडघ्याची खपली निघाली.

मी तिला धरायला आत गेले होते, त्यात थोडं खरचटलं. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, टेबल डुगडुगतं.

मनकर्णा


नांदूरघाट,
२ जुलै

राधाकिशन,

टेबल डुगडुगत नव्हतं. उजवं मनगट मोडलं आहे. हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे आणि त्याला दोन दिवस लागणार आहेत, तेव्हा नीट वाच.

पवन आणि ऋतुजा आले आणि त्यांनी प्लास्टर पाहिलं, म्हणजे तुला कळलंच आहे. तू त्याच्या फोनवर पाठवलेला निरोप त्याने मला शेडमध्ये उभं राहून ऐकवला. आवाज तुझाच होता. दोन महिन्यांनी ऐकला. तू म्हणालास: "अक्काला सांग, पोळ्याला ती घोडी वेशीतून काढून दाखव म्हणावं, हलग्या चालू असताना. एक पाय जरी उचलला, तर घोडी अजिनाथला परत आणि अक्काने गेवराईला आमच्यात येऊन राहायचं. हात मोडून घेतलाय, उद्या डोकं फोडून घेईल."

बिचारा पवन मान खाली घालून उभा होता. ऋतुजा मात्र म्हणाली, "आत्या, त्या दिवशी मलापण गाडीतून उतरावंसं वाटत होतं. पण नवरी कशी उतरणार?" तुझी सून चांगली आहे, राधाकिशन. तिला फार गप्प बसायला लावू नका.

शर्त मान्य. लेखी देते आहे. मी जिंकले, तर तू घोडी आणि माझं इथलं राहणं या दोन विषयांवर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

आता माझ्या मूर्खपणाबद्दल. तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

पवन गेल्यानंतर साखराबाई वरण घेऊन आली. प्लास्टर बांधल्यापासून ती रोज काहीतरी आणते, हलगी बंद करायला लावल्याचा राग मनात ठेवूनच आणते. दिवस कलायला आला होता. माश्या-चिलटं जावीत म्हणून मी रोजच्यासारखा शेडच्या तोंडाशी उसाचं पाचट आणि गोवऱ्यांचा धूर केला होता. साखराबाई भांडं हातात घेऊन बिजलीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाई, गिरणी सकाळी बी चालती. तवा नाचती का ही?"

मी विचार केला. गिरणी सकाळी नऊला सुरू होते. सकाळी बिजली कधीच नाचली नव्हती.

"मग आता कावून कापाया लागली? आजून तर गिरणी बी चालू न्हाई. ही आवाजाला भेत न्हाई बाई, धुराला भेती. हलगी वाजवायच्या आदी शेकत्यात न्हाई का?"

तू गावात वाढलास, तुला हे सांगायला नको. मी बोर्डिंगात वाढले, मला सांगावं लागलं. वाजवण्याआधी हलगीचं कातडं ताणलं जावं म्हणून पाचटाचा जाळ करून त्यावर ती शेकतात. बिजलीला शिकवताना आधी जाळ, मग हलगी, मग काठी. धूर आला की तिला कळायचं, आता बांधणार. आणि मी शहाणी रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने धूर करून तिला सांगत होते की मार येतो आहे. मग त्या ताणात गिरणी टक् म्हणाली काय आणि वारा सुटला काय, ती नाचणारच. अख्खं गाव मी गप्प केलं आणि जाळ मात्र तिच्या नाकाखाली घातला.

डावा हात थकला. उरलेलं उद्या.

३ जुलै. उरलेलं एवढंच की मी पंडितच्या घरी जाऊन हलगी पुन्हा वाजवायला सांगितली. माझ्या शेडसमोर. त्याला वाटलं बाईच्या डोक्यालाही मार लागला.

मनकर्णा


नांदूरघाट,
२७ जुलै

राधाकिशन,

प्लास्टर निघालं. हे अक्षर माझंच आहे, फक्त जरा म्हातारं झालेलं.

कामाची रीत साखराबाईने ठरवली. ऊसतोडीत नवा बैल कारखान्यावर ट्रॅक्टरच्या भोंग्याला बुजतो, तेव्हा त्याला ट्रॅक्टरपासून लांब नेत नाहीत. ट्रॅक्टरजवळच वैरण टाकतात. आम्ही तेच करतो. पहिला आठवडा नुसता जाळ. लांब, बांधाच्या टोकाला. जाळ पेटला की बिजलीपुढे हरभऱ्याची पाटी. जाळ विझला की पाटी उचलायची. पहिले तीन दिवस तिने पाटीकडे पाहिलंही नाही, घामाने भिजून उभी होती. चौथ्या दिवशी एक घास घेतला आणि तोंडात धरून ठेवला, चावला नाही. मी पाठ फिरवून उभी राहिले. पाठीमागून चावल्याचा आवाज आला. मला शॉर्टहँडच्या परीक्षेत पहिला नंबर आला होता तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात पंडित हलगी घेऊन जाळाशी यायचा, शेकायचा आणि न वाजवता घरी जायचा. तिसऱ्यात एक ठोका. मग दोन. ठोका पडला की मी तिच्या नडगीवर हात ठेवते, जिथे काठी बसायची तिथे, आणि हात नुसता ठेवून देते. आता पंडित वीस पावलांवर बसून वाजवतो. त्याची वेगळीच तक्रार आहे. म्हणतो, "बाई, आमी वाजवतो ते कुणी नाचावं म्हणून. कुणी नाचू न्हाई असं वाजवायचं कसं, ते तुमीच सांगा." साखराबाई त्याला म्हणाली, तुमच्या वाजवण्यावर तसंबी लई जण उभेच असत्यात.

घोडीचं एवढंच. आता त्या निराळ्या गोष्टीबद्दल लिहिते, जी मेपासून टाळते आहे.

चौकात पवन उतरल्यावर तू माझ्या हातातून लगाम घ्यायला आलास. म्हणालास, अक्का, लोक बघत आहेत. आणि मी तुला तुझ्या व्याह्यांसमोर, नव्या सुनेसमोर म्हणाले, "तू जन्मभर दुसऱ्याच्या पाठीवर बसूनच आलास."

सगळ्यांना अर्थ कळला. आप्पा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, माझं कॉलेज सुटलं आणि टायपिंग सुरू झालं, आणि तुझं शिक्षण थांबलं नाही, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं. तू त्या वेळी बारा वर्षांचा होतास. ते तुझ्या मागणीवरून झालं नव्हतं. मी ठरवलं होतं. सत्तेचाळीस वर्षं मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि त्याचा मला फार अभिमान होता.

आणखी एक. घोडी पहिल्यांदा अडखळली ती बसस्टँडसमोर, चौकाच्या बऱ्याच आधी. मी पाहिलं. उतरले नाही. मला जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं होतं, वरमाय म्हणून नव्हे तरी वरमायेच्या मानाने, आणि मला ते आवडलं होतं. दोन चौक मी समोर बघत बसले. म्हणून चौकात जो राग तुझ्यावर निघाला तो सगळा तुझ्यावरचा नव्हता.

ही माफी नाही. जसं घडलं तसं लिहिलं आहे. पोळ्याची शर्त कायम.

मनकर्णा


नांदूरघाट,
१४ ऑगस्ट

राधाकिशन,

छोटंच पत्र. पोळ्याला वेशीतून पहिला जाणारा मानाचा बैल गावातल्या सुंदररावांचा असतो, म्हणून परवानगी मागायला त्यांच्याकडे गेले. ओट्यावर पाच जण बसले होते. सुंदरराव म्हणाले, बाई, पोळा बैलांचा असतो, घोड्यांचा नसतो. मी म्हटलं, ठीक, मी सगळ्या बैलांच्या मागून येते. मग म्हणाले, जनावर पुढं धरून बाई माणूस वेशीतून येत नाही. मी विचारलं, असं कुठे लिहिलंय? ते बाकीच्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी त्यांना शोधायला वेळ दिला. अखेर म्हणाले, या, पण नाचवू नका, बैल बुजतील.

त्यांना म्हटलं, याच कामासाठी मी अडीच महिने झिजले आहे.

खरं सांगायचं तर शेडमध्ये पंडितची एकच हलगी असते. वेशीत आठ असतील, वर लोकांचा ओरडा, बैलांच्या घुंगरमाळा, आणि आठ हलग्यांचा जाळ. बिजलीने आठ कधी ऐकल्या असतील त्या वरातीतच. मला भूक लागत नाही. हे कोणाला सांगायचं नाही.

मनकर्णा


नांदूरघाट,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

राधाकिशन,

पवनने तुला काल तिथूनच फोन केला. मी शेजारीच उभी होते. तो म्हणाला, "बाबा, एकही पाय उचलला नाही. आत्या जिंकली." तू फोन ठेवलास.

त्याने खोटं सांगितलं. प्रेमाने सांगितलं, पण खोटं. घडलं ते असं.

सगळे बैल गेल्यावर आम्ही निघालो. तोंडावरच्या मोरखीला साधी दोरी, लगाम नाही. शिंगं रंगवलेल्या बैलांमागून एक राखाडी घोडी आणि काठपदराचं लुगडं नेसलेली म्हातारी, पोरं हसणारच, हसली. वेशीच्या दोन्ही अंगांना हलग्या. पंडित डावीकडे पहिला, त्याने मला पाहून मुद्दाम वाजवणं सौम्य केलं नाही, ते बरंच केलं. धूर तोरणापर्यंत चढला होता. बिजलीच्या मानेवर घाम फुटला. तरी ती चालली. अर्ध्या वेशीपर्यंत ती एखाद्या शिक्षिकेसारखी चालली.

आणि कोणीतरी शिट्टी मारली. वरातीत मारतात तशी, दोन बोटं तोंडात घालून. शिट्टीचा सराव आम्ही कधी केलाच नव्हता. कोणाला सुचलंच नाही.

बिजली थांबली. तिने पुढचा डावा पाय उचलला. अर्धवट नाही, पूर्ण, छातीपर्यंत, खूर आत वळवून, जसा तिला शिकवलाय तसा. गर्दी ओऽ करून ओरडली. सुंदरराव मागे वळले. माझ्या हातात दोरी होती आणि मला कळत होतं की ओढली तर तिला काठीची आठवण होईल आणि सोडली तर ती बैलांत घुसेल. मी दोन्ही केलं नाही. दोरी सैल धरून, तिच्याकडे न बघता उभी राहिले. किती वेळ ते मोजलं नाही. आठही हलग्या चालू होत्या. तिने पाय तसाच वर धरला होता, आणि तो थरथरत होता.

मग तिने तो खाली ठेवला. कोणी सांगितलं नाही, कोणी मारलं नाही. ठेवला, नाक फुरफुरवलं, आणि मी काय करते ते बघायला मान माझ्याकडे वळवली. मी चालायला लागले. ती मागून आली. वेस संपली.

पलीकडे साखराबाई उभी होती. म्हणाली, "बाई, उचलला व्हय तिनं. पर ठिवला बी तिनंच." ऋतुजा रडत होती. पवनचा फोन तेव्हा कानाला होता.

तर शर्तीचे शब्द होते, एक पाय जरी उचलला तर. ते शब्द तुझे होते आणि त्याखाली मान्य असं मी लिहून दिलं होतं. एक पाय उचलला. मी हरले. तुझ्या मुलाने मला जिंकवून ठेवलं होतं, आणि मी गप्प बसले असते तर तुला कधी कळलंही नसतं. पण खोट्या साक्षीवर राहिलेली घोडी मला नको.

आता यापुढचं नीट वाच. शर्त हरले तरी घोडी मी अजिनाथला देणार नाही आणि गेवराईला राहायला येणार नाही. मी दिलेला शब्द मोडते आहे. आयुष्यात पहिल्यांदा, आणि समजून उमजून. एका प्राण्याने आठ हलग्यांमध्ये, भीतीने थरथरत, स्वतःच्या मनाने पाय खाली ठेवला. त्या पायाला मी पुन्हा काठीखाली पाठवायचं, कारण माझ्या शब्दाला किंमत आहे? माझ्या शब्दाची किंमत तेवढी नाही. तू मला खोटारडी म्हण. व्याह्यांना सांग, गेवराईत सांग. सांगताना फक्त पाय खाली ठेवल्याचंही सांग.

आणि चौकातलं ते वाक्य मी मागे घेते. लगाम धरला ते नाही, पवनला उतरवलं ते नाही. फक्त ते वाक्य. तू बारा वर्षांचा होतास. तू माझ्या पाठीवर बसला नव्हतास, मी तुला उचलून घेतलं होतं, आणि मला तू जड वाटला नव्हतास.

हे पत्र जपून ठेव. शब्द मोडल्याचा कबुलीजबाब आहे, खाली माझी सही आहे, आणि घोडी न्यायला तू स्वतः आलास तरी मिळणार नाही.

मनकर्णा